दुबईची कॅसेट, डमडमचं फाटक

सन दोन हजार बावीस. माझं वय एकाहत्तर. बार्शीतलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मी स्वतःच्या हातानं बंद केलं, शटर ओढलं आणि किल्ली मालकाच्या हातात दिली. मुलगा विनू बँकेत अधिकारी, त्याची बदली कलकत्त्याला झालेली. त्याची आई गेल्यावर मी एकटा राहू नये, असं त्यानंच ठरवलं. गाडी दारात उभी होती. मी पत्र्याची ट्रंक ओढत आणली तशी म्हणाला, "अण्णा, ती डबडी राहू द्या ना इथंच."

"मग मीपण राहतो," म्हणलं, आणि भर रस्त्यात ट्रंकेवर बसलो. समोरचा सलूनवाला हसायला लागला. ट्रंक आली.

तिच्यात व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी आहेत, एकशे बेचाळीस. हसायचं तर हसून घ्या. माझं शिक्षण चौथी, पण टीव्हीला जोडायचे गेम घरोघरी आले तेव्हा बार्शीतलं प्रत्येक पोरगं बंद पडलेली कॅसेट घेऊन माझ्याच दुकानात यायचं. आणि येताना ती तोंडाला लावून फुंकायचं. मी ओरडायचो. अरे, थुंकीनं आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात, त्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसायच्या असतात. कुणी ऐकलं नाही. पुढं मोबाईल आले, लोकांनी कॅसेटी भंगारात घातल्या आणि मी त्या भंगारातून वेचल्या. रणगाड्यांच्या, विमानांच्या, मोटारसायकलींच्या. विनूची आई म्हणायची, "लोकांची पोरं मोठी झाली, तुम्ही कधी होणार?"

पुण्याच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं माझी हातातली पिशवी उघडली, तिच्यात मी थोड्या कॅसेटी घेतल्या होत्या. "दादाजी, पोते के लिए?"

"नहीं. मेरा है."

त्यानं एक कॅसेट उचलली, गालात हसला आणि फुंकली. मी एवढ्या जोरात ओरडलो की सगळी रांग वळून बघायला लागली. विनू पुढं निघून गेला, जणू मी त्याचा कुणी नव्हेच.

इथं कलकत्त्याच्या विमानतळाशेजारी, डमडमला, आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. विमानं गॅलरीवरून जाताना त्यांची चाकं मोजता येतात. विनू आणि सून मेघा नऊला कामावर जातात. बार्शीत दुकानाच्या पायरीवर बसलं की दर दोन मिनिटाला "काय अण्णा?" व्हायचं. इथं लिफ्टमधली माणसं चांगली आहेत, हसतात, पण बंगालीत हसतात. ट्रंक पलंगाखाली आणि मी पलंगावर, असा दिवस जातो.

वायरिंगचं काम करायला आलेल्या एका माणसानं सांगितलं की खिदिरपूरला गोदीजवळ जुन्या फॉरेन मालाची दुकानं आहेत, खलाशांनी आणलेल्या वस्तू अजून पडून असतात. दुसऱ्या दिवशी मी गेलो. विचारत विचारत नाही, मी विचारत नसतो. पाट्या वाचत गेलो, स्टेशनावर हिंदीत असतात. एका दुकानात खोक्याच्या तळाशी सात कॅसेटी मिळाल्या. म्हातारा दुकानदार म्हणाला, "दादू, अब ये कौन लेगा?"

"हम लेगा," म्हणलं. दोघंही हसलो. दोन वर्षांत कलकत्त्यात मी कुणाबरोबर हसलो असेन तर त्या माणसाबरोबर.

परतताना चुकीच्या फलाटावर उभा राहिलो आणि गाडी मला बजबजला घेऊन गेली. शेवटचं स्टेशन. सगळे उतरले, मीही उतरलो, मुद्दाम इथंच यायचं होतं असं तोंड करून. नदीकाठी चहा घेतला आणि उलट्या गाडीनं निघालो. घरी पोचायला आठ वाजले. फोन मी घरीच चार्जिंगला ठेवून गेलो होतो. फाटकात विनू, मेघा, सोसायटीचे चार जण आणि एक पोलीस.

"अण्णा, तुम्ही हरवला होतात!" विनू ओरडला.

"मी हरवलो नव्हतो. मला उशीर झाला होता."

त्या दिवसापासून फाटक बंद. रखवालदार बिहारचा, हात जोडतो पण हलत नाही. "बाबूजी, साहब मना किए हैं." विनूनं एक कार्ड करून आणलं. नाव, फ्लॅट, फोन नंबर, तीन भाषांत, गळ्यात अडकवायच्या फितीसह. हे घातलं तर जा, म्हणाला. मी म्हणलं, गळ्यात पट्टा कुत्र्याच्या असतो. कार्ड कपाटात गेलं आणि मी आत राहिलो. आठ महिने. खाली बागेत फिरायचं, फाटकाला हात लावायचा आणि परत लिफ्ट. तुमच्यापैकी जे मुलांकडं राहायला गेलेत त्यांना ठाऊक असेल. कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. जेवण वेळेवर असतं. म्हणूनच ओरडता येत नाही.

आता दुबईच्या कॅसेटीबद्दल. एका गिऱ्हाईकानं दुबईहून आणून मला विकलेली, विनू लहान असताना. एक शिपाई गावोगाव फिरतो, असा मोठा गेम. संपायला महिने लागतात, म्हणून तिच्या आत बटणाएवढा सेल असतो. खेळ जिथं सोडला तिथंच तो राखून ठेवतो. सेल मेला की सगळं पुसलं. मी तो सेल दोनदा बदलला आहे. आधी नवा शेजारी जोडायचा, मगच जुना काढायचा, म्हणजे आतली आठवण क्षणभरही उघडी पडत नाही. हे काम बार्शीत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. विनूला यातलं काही माहीत नव्हतं.

मागच्या रविवारी मी त्याला म्हणलं, "सेल उतरत आला. मला बाजारात जाऊन हातात घेऊन, बघून आणायचाय. एकट्यानं."

"ऑनलाइन मागवतो."

"मला जायचंय, विनू."

"कार्ड घाला."

मी उठलो. ट्रंक ओढली, गेम टीव्हीला जोडला आणि दुबईची कॅसेट त्याच्या हातात दिली. आणि या बँकेच्या अधिकाऱ्यानं, केसांत पांढरं आलेल्या माणसानं, ती तोंडाला लावून फुंकली. मी ओरडलो नाही. पहिल्यांदाच.

पडद्यावर शिपाई आला. एका गावाच्या वेशीत, दार बंद, आणि वर इंग्रजीत चार अक्षरं: विनू.

विनू पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "हे अजून आहे?"

"मी ठेवलंय."

"अण्णा, दहावीच्या वर्षी तुम्ही ही माझ्या हातातून काढून घेतलीत. आणि कुलपात घातलीत."

"परीक्षा होती."

"परीक्षेनंतर देतो म्हणाला होतात. मी मागितली, तर म्हणालात, आता बारावी. मग मी मागायचंच सोडलं." आणि हळू म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच, असं म्हणायचात."

मी अठ्ठावीस वर्षं अभिमानानं सांगत आलो की त्या खेळातला एक कणही मी पुसू दिला नाही. ते पोरगं मी वेशीत उभं करून ठेवलंय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सेल बदलत होतो, दार उघडत नव्हतो.

"मला त्या दिवशी वाटलं," विनू पडद्याकडं बघतच म्हणाला, "पोलिसांचा फोन येईल आणि ते मला ओळख पटवायला बोलावतील. बजबजहून तुम्ही चहा पिऊन आलात. मी कसा होतो ते तुम्ही विचारलं नाहीत."

विचारलं नव्हतं. मी विचारत नसतो.

"खेळ की," म्हणलं. तो खेळला. बटणं विसरला होता. दोनदा मेला, तिसऱ्यांदा दार उघडलं आणि शिपाई पुढं गेला. मेघा स्वयंपाकघरातून "जेवायला या" म्हणून तीनदा ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं कामावर जायच्या आधी मी कपाटातून कार्ड काढलं. मागची बाजू कोरी होती. तिथं पेनानं, माझ्या अक्षरात, बार्शीच्या दुकानाचा पत्ता लिहिला. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे, मला ठाऊक आहे. फीत गळ्यात घातली, कार्ड सदऱ्याच्या आत टाकलं, वरचं बटण लावलं, फोन खिशात घेतला. विनू बूट घालत होता. त्यानं सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारी फीत बघितली आणि रखवालदाराला फोन लावला, "बाबूजी को जाने दो."

"खिदिरपूर," मी म्हणलं. "चार वाजेपर्यंत येतो."

आणि खाली जाऊन फाटक माझ्या हातानं उघडलं.