नागपूर, व्हाया दादर

आमची नागपूरची गाडी चुकली, तेव्हा आम्ही तिच्यातच बसलो होतो.

हे वाक्य ऐकून माणसं थोडा वेळ माझ्याकडे बघतात, मग बायकोकडे बघतात, आणि ती मान डोलावते तेव्हा त्यांचा विश्वास बसतो. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझी धाकटी बहीण शुभा लग्न होऊन नागपूरला गेली. बरीच वर्षं वाट पाहिल्यावर तिला दिवस गेले आणि डोहाळजेवण ठरलं. कधी? तर मे महिन्यात, नागपुरात! (ज्या महिन्यात खुद्द नागपूरकर नागपूर सोडून पळतात.) मी फोनवर विचारलं, "काय खावंसं वाटतंय गं तुला?"

"परसातला फणस," ती म्हणाली.

आमच्या गावच्या घरामागे आईनं लावलेला बरका फणस आहे. मे महिन्यात आई पाट मांडून बसायची, हाताला तेल लावायची आणि आम्ही दोघं समोर तोंडं उघडून बसायचो. एक गरा गिळला की दुसरा हजर. हात चिकट तिचे, तोंडं गोड आमची. आईला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. शुभा काय मागत होती ते मला बरोबर कळलं. त्यातला फणस तेवढा आणण्यासारखा होता.

नाना, म्हणजे आमचे वडील, गिरणी बंद झाल्यापासून वर्षातले सहा महिने गावी आणि सहा महिने लालबागला आमच्याकडे असायचे. तेव्हा ते गावी होते. त्यांनी ताबडतोब कामाची वाटणी केली.

"फणस माझ्यार सोड. तिकिटा तू काढ."

"नाना, आठवडाभर आधीच या ना मुंबईला. मग सगळे मिळून जाऊ."

"आणि फणस? तो लालबागात फुटलो म्हणजे? मी आदल्या दिशी झाडावरसून काढतलंय, तो डोहाळजेवणाच्या दुपाराक बरोबर पिकतलो. फणसाक आपलो टायम म्हायत आसता."

टाइमटेबलची जबाबदारी अशी अर्धी फणसावर आणि अर्धी माझ्यावर आली. मी बँकेत नोकरीला. नियोजन हा माझा आवडता शब्द. आगाऊ आरक्षण उघडल्या उघडल्या मी दोन तिकिटं काढली. एक नानांचं एकट्याचं, कुडाळ ते दादर. दुसरं नाना, मी आणि माझी बायको मनीषा अशा तिघांचं, दादर ते नागपूर. दोन्हींच्या प्रती नानांकडेही पाठवून दिल्या. मधे भरपूर वेळ. इतका, की नानांना प्लॅटफॉर्मवर बसवून बटाटेवडा खायला घालायचा असंही मी ठरवून टाकलं होतं.

ऑफिसातला कुलकर्णी ठाण्याचा. तो म्हणाला, "अरे, कोकणची गाडी दादरच्या आधी ठाण्याला थांबते. नागपूरची गाडी दादर सोडल्यावर ठाण्याला थांबते. तुझ्या वडिलांनी ठाण्यावरून दादरला यायचं आणि पुन्हा ठाण्यावरूनच जायचं? ठाण्यालाच बदला की!"

"कुलकर्णी," मी म्हणालो, "आम्ही लालबागचे. आमचा गावाहून येणारा माणूस दादरला उतरतो."

यात तर्क नाही, हे मला मान्य आहे. पण माझे आजोबा दादरला उतरले, नाना दादरला उतरले, आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा, प्रत्येक नारळ आणि सोलांची प्रत्येक बरणी दादरलाच उतरली. ठाण्याला उतरणं म्हणजे वरातीतून मधेच रिक्षा करून घरी जाण्यासारखं!

"आणि पहिली गाडी लेट झाली तर?" कुलकर्णीनं शेवटचा प्रयत्न केला. "तिकिटं वेगळी आहेत. दुसरी गाडी थांबणार नाही."

"मधे वेळ ठेवलाय," मी हसून म्हणालो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ठरल्या दिवशी आम्ही लालबागहून निघालो. चाळ पाडून तिथं टॉवर झालाय, पण माणसं तीच. पूर्वी गॅलरीत उभी राहून निरोप द्यायची, आता खाली लॉबीतल्या सोफ्यावर बसून देतात. गावडे काकूंनी मनीषाकडची ओटीची पिशवी उघडून पाहिली. हिरवी साडी, बांगड्या, खण, नारळ. मग त्यांनी तिच्या हातावर दही ठेवलं आणि मला म्हणाल्या, "नानांक सांभाळून ने रे. म्हातारो माणूस."

दादरला पोचलो आणि नानांची गाडी कुठवर आलीय ते मोबाईलवर पाहिलं. कोकणच्या एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मान देत देत ती येत होती. पनवेल कसंबसं मागे पडलं होतं, पण ठाणंसुद्धा अजून यायचं होतं. नानांना फोन लावला, तर बंद!

"बंद कसा?" मनीषा घाबरली.

"बंदच ठेवतात. बॅटरी संपते म्हणून. गरज लागली की चालू करतात."

"गरज त्यांना लागली की ना? आपल्याला लागली तर?"

मी पुन्हा नंबर लावला. बंदच.

तेवढ्यात नागपूरची गाडी आली. अगदी वेळेवर! आयुष्यात ज्या दिवशी गाडीनं उशीर करावा असं मला मनापासून वाटलं, नेमक्या त्या दिवशी. आम्ही चढलो, सामान लावलं आणि जागेवर बसून भांडायला लागलो.

"नानांना सोडून जायचं?" मनीषा म्हणाली.

"मग शुभाच्या डोहाळजेवणाला माहेरचं कुणीच जायचं नाही?"

"सुहास, ते दादरला उतरतील. डोक्यावर फणस. आणि न्यायला कुणी नाही. मला नाही जमणार बाबा!"

माझ्या डोळ्यांसमोर नाना उभे राहिले. प्लॅटफॉर्मवर, फणसाला टेकून, फोन बंद ठेवून माझी वाट बघणारे. "उतर!" मी ओरडलो.

मी बॅगा दरवाज्यातून खाली दिल्या, मनीषानं घेतल्या. एक काका मदतीला आले आणि त्यांनी स्वतःचीच बॅग खाली दिली. ती परत वर देण्यात वेळ गेला. गाडी हलली, मी उडी मारली. गाडी दिसेनाशी झाल्यावर मनीषानं सामानावरून नजर फिरवली आणि अतिशय शांत आवाजात विचारलं, "ओटीची पिशवी कुठेय?"

ओटी नागपूरला निघाली होती. एकटीच.

त्यानंतरच्या वेळेबद्दल मी फार सांगणार नाही. बटाटेवडे आणले होते, तेही कुणी खाल्ले नाहीत. बऱ्याच वेळानं नानांची गाडी लागली. आम्ही त्यांच्या डब्याकडे धावलो. माणसं उतरली, आंब्याच्या पेट्या उतरल्या, नाना उतरले नाहीत. मी आत शिरलो, बाकांखाली वाकून पाहिलं. (बाकाखाली नाना का असतील, हे विचारू नका. माणूस घाबरला की बघतो.)

"तुम्ही कुणाला शोधताय? फणसवाल्या आजोबांना?" एक बाई म्हणाल्या. "ते ठाण्यालाच उतरले की! नागपूरची गाडी तिथे मिळेल, असं कुणीतरी सांगितलं त्यांना."

मी डब्यातून खाली उतरलो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नाना! त्यांना गरज लागली होती.

"सुहास, मी गाडीत बसलंय. फणस पण बसलो. तुमी दोघा खंय गेल्यात? तुमची पिशवी हय दिसता. चाय पिऊक गेल्यात काय?"

"नाना... आम्ही दादरला आहोत."

"दादराक? कित्या?"

"तुम्हाला घ्यायला!"

 नाना हळूच म्हणाले, "अरे, पण मी तर गाडीत आसंय."

पंच्याहत्तरीचा माणूस, ज्यानं जन्मभर दादरशिवाय दुसऱ्या स्टेशनावर पाय ठेवला नाही, तो नेमका त्या दिवशी ठाण्याला उतरला! आणि दादरच्या नावानं कुलकर्णीला हसणारा मी दादरलाच उरलो. मी फोनवर ओरडलो, "नाना, आम्ही पाठोपाठ येतो! माझी जागा सोडू नका!" मग टॅक्सीवाल्याला विचारलं, कल्याणला गाडी गाठून देशील का? त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, घरी सोडू का?" नंतरच्या गाड्यांची वेटिंग लिस्ट पाहून मीही घरी चल म्हणालो.

लॉबीत गावडे काकू तशाच बसल्या होत्या. आम्हाला बॅगांसकट आत येताना पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"अगो बाय! इतक्यात नागपूर करून इलात?"

"नाही काकू, गाडी चुकली."

"आणि नाना?"

"ते गेले गाडीनं. फणस, ओटी, सगळं गेलं. आम्हीच राहिलो."

"मग चुकला काय?" काकू म्हणाल्या, आणि त्या पुन्हा सोफ्याला टेकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डोहाळजेवण फोनवर पाहिलं. हिरवी साडी नेसलेली शुभा पाटावर बसली होती. आम्ही घेतलेलीच साडी! फुलांची वाडी भरलेली. समोर नाना, हाताला कोपरापर्यंत तेल. फणस ठरल्या वेळी पिकला होता, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. नानांनी पहिला गरा काढला, आठळी काढून टाकली आणि शुभाच्या तोंडासमोर धरला. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला भरवलं नव्हतं. ते आईचं काम होतं. शुभानं डोळे मिटून तोंड उघडलं, थेट परसातल्यासारखं. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि इकडे लालबागला माझ्याही. मनीषानं मला जवळ घेतलं आणि आमचा दोघांचा अबोला (दादरपासूनचा) तिथे संपला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी बँकेतला माणूस. प्रवास केला नाही, तर तिकिटाचा परतावा मागायला नको? मी रीतसर अर्ज केला. काही दिवसांनी उत्तर आलं. मनीषाचा अर्ज विचाराधीन होता. माझा फेटाळला होता. कारण: प्रवाशाने प्रवास केलेला आहे.

तोवर नाना लालबागला आले होते. मी त्यांना ते उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"नाना?"

"एसीत थंडी कसली होती रे! फणस गारठलो तर पिकाचो नाय. म्हणून तुझ्या बर्थवर आडवो केलंय. डोक्याखाली उशी दिलंय. पायाकडे ओटीची पिशवी. आणि वरसून तुझा ब्लँकेट."

"बरं, मग?"

"मग टीसी इलो. इचारल्यान, हे कोण? तू म्हणालेलंस, माझी जागा सोडू नका. मी सांगलंय, माझो झील, सुहास. निजलो हा. तर तो म्हणालो, झोपू द्या, आणि तुझ्या नावार खूण केल्यान."

"आणि त्याला संशय नाही आला?" मनीषानं पदर तोंडाला लावून विचारलं.

"कित्या येतलो? मी सांगलंय, झील बँकेत आसा, मोठो हुशार. तिकिटा त्यानाच काढल्यान."

नाना आता नाहीत. गावच्या परसातला फणस मात्र दर मे महिन्यात लागतो, आणि आता तेल लावलेले हात माझे असतात. समोर शुभाची मुलगी इरा तोंड उघडून बसते. गरे खाता खाता तिला नानांची ही गोष्ट लागतेच. आणि सगळी ऐकून झाल्यावर ती दरवेळी विचारते, "पण मामा, खरं सांग, तू आईच्या डोहाळजेवणाला आला होतास की नव्हतास?"

मी तिला खरं ते सांगतो. रेल्वेच्या म्हणण्यानुसार आलो होतो, वेळेवर आलो होतो, आणि आजवर कधी नव्हे तो सगळ्यांना गोड लागलो.