निळं त्याचं, लाल तिचं

आता तुमच्यापासून काय लपवायचं! माझ्या अतिशहाणपणामुळे धाकट्या बहिणीचं, मनीषाचं, जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती.

झालं काय, अंबरनाथच्या आमच्या कंपनीला मेक्सिकोचं गिऱ्हाईक मिळालं आणि साहेबांनी मला एका मॅडमच्या स्पॅनिशच्या क्लासला घातलं. त्या भाषेत वस्तूसुद्धा एक तर बाई, नाहीतर पुरुष. वस्तू बाई असली की विशेषणानंही तिच्याप्रमाणे बदलायचं. लाल टेबल 'रोखा', लाल घड्याळ 'रोखो'! मराठीत आपण तीन-तीन लिंगं झोपेतही सांभाळतो, पण इथे दर वेळी माझी दांडी गुल. शेवटी बदलापूरच्या आमच्या घरात मी वस्तूंना पट्ट्याच चिकटवल्या. पुरुषाला निळी, बाईला लाल.

वांगणीचे पाहुणे मनीषाला बघायला येणार, त्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, त्या पट्ट्या काढा आधी."

"राहू दे गं! शिकतं घर आहे, कळू दे त्यांना."

पाहुणे आले. मुलगा नि त्याचे आईवडील सोफ्यावर टेकले. मुलाच्या आत्याची नजर मात्र घरभर फिरत होती. बायको पोहे आणायला आत गेली, तशी आत्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, या पट्ट्या कसल्या हो?"

माझी कळी खुलली! "निळं ते पुरुषाचं, लाल ते बाईचं."

"म्हणजे कपाट पुरुषाकडं?"

"हो. पलंग, टीव्ही बाईकडे."

"आणि घर?"

"घर तर पक्कं बाईचं!"

"ठरवलं कुणी हे?"

"आमच्या मॅडमनी. त्यांच्यापुढे वाद चालत नाही."

"अरे देवा, वकीलही बाईच! लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"नऊ," मी हसत म्हणालो. मला वाटलं, सहज चौकशी करतायत!

बायको पोहे घेऊन आली, तर आत्यांनी तिचा हातच धरला. "पोरी, घर मिळतंय ते सोडू नको. पण घटस्फोटाचा एकदा फेरविचार कर गं!"

तिकडे मुलाचे वडील उठलेच. "या घराशी सोयरीक नको." मनीषाचा चेहरा पांढराफटक.

बायकोनं एकदा पट्ट्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझं स्पॅनिशचं पुस्तकच पाहुण्यांपुढे ठेवून सगळं समजावलं. मग काय, हसून हसून आत्यांना ठसका लागला. मुलाचे वडीलही परत बसले.

"मुलगी पसंत आहे," डोळे पुसत आत्या म्हणाल्या. "पण पुढची बोलणी वहिनींशीच करू. घर त्यांचं आहे, भाऊंनीच सांगितलंय."

मी उठलो आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेलो.