रंगाखालचा बोल्ट

अशोक गेल्याचा फोन आला तेव्हा त्याची थोरली बहीण, म्हणजे माझी पत्नी सुमन, डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली होती. तिचे अजून तीन तास उरले होते. मी केंद्राबाहेर गाडीत बसलो होतो. फोन त्याच्या मुलीचा होता. बाबा झोपेतच गेले, एवढेच तिला सांगता आले. मी तीन तास तसाच बसून राहिलो. आत गेलो नाही, कारण माझ्या चेहऱ्यावरून सुमनने ओळखले असते. घरी पोहोचून ती पाणी प्यायली, मग सांगितले. ती म्हणाली, "कल्याणला चला." त्याच गाडीने आम्ही त्याच्या घरी गेलो. ती गाडी आजही चालते आहे ती अशोकमुळे. महिना उलटल्यावर मी हे लिहितो आहे, तेही त्याच कारणाने.

तीस वर्षे मी ठाण्यातल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामात दोष काढणे हा माझा व्यवसाय, आणि तो मी घरीही करत असे. अशोकला माझ्या शब्दावर त्याच कारखान्यात नोकरी लागली होती. आठ महिन्यांत त्याने ती सोडली आणि खोपटला एसटी डेपोच्या मागे एक गाळा घेऊन गाड्यांच्या वायरिंगचे काम सुरू केले. कारण विचारले तर म्हणाला, "तिथं सगळं चालू असतं, दाजी. मला बिघडलेलं आवडतं." मी म्हणालो, "मग बिघडलेलाच राहशील." हे मी चारचौघांत म्हणालो. त्यानंतर लग्नकार्यात भेट होई, तो वाकून नमस्कार करी, मी "बरं आहे ना" विचारी... त्याच्या गाळ्याची पायरी मात्र मी कित्येक वर्षे चढलो नाही.

सुमनची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हापासून आठवड्यातून तीनदा बाळकुमहून ठाण्यात जाणे आले. परतताना तिला रिक्षाचे हादरे सोसत नाहीत, म्हणून गाडी. आणि नेमका त्याच गाडीचा रेडिएटरचा पंखा दगा देऊ लागला. मोकळ्या रस्त्यावर काही होत नसे. माजिवड्याच्या कोंडीत उभे राहिलो की तापमानाचा काटा वर सरके. एका गॅरेजने पंख्याचा स्विच बदलला, दुसऱ्याने रिले. तिसरा म्हणाला, "काका, डायरेक्ट करून टाकतो." म्हणजे किल्ली फिरवली की पंखा सुरू, तो किल्ली काढेपर्यंत चालूच. मी त्यालाही होकार देण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात एके सकाळी माजिवड्याला बॉनेटमधून वाफ उसळली आणि गाडी बंद पडली. मी सुमनचा हात धरून तिला वाहनांमधून रिक्षापर्यंत चालवत नेले. पोहोचायला तास उशीर झाला. त्या संध्याकाळी तिने मला न विचारता भावाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी रेडिएटरमध्ये पाणी भरून मी गाडी घेऊन खोपटला गेलो. इतक्या वर्षांनी आलो याचा त्याने उल्लेखही केला नाही. बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि स्टूल ओढून समोर बसला. पाना नाही, पकड नाही. पंधरा मिनिटे गेली.

"नुसता बघत काय बसलायस?"

"तापू दे. आत्ता हात घातला तर बिघाड लपून बसेल."

"सगळे डायरेक्ट करायला सांगतात. तू का करत नाहीस?"

"परक्याची गाडी असती तरी केला नसता. यात तर ताई बसणार. दुखणं तसंच राहील आणि पंखा दिवसभर फिरून एक दिवस जळेल. तेव्हा तुम्ही कुठं असाल? माजिवड्याला."

काटा चढला. पंखा कण्हत फिरू लागला, पण वेग घेईना. अशोक उठला आणि पंख्याकडे जाणाऱ्या दोन तारांना एकेक करून बोट लावले. मग माझे बोट धरून काळ्या तारेवर टेकवले. तार चांगलीच गरम होती. "करंट येतोय, दाजी. परत जायला वाट नाही." खात्रीसाठी त्याने पंख्याच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडला. तो मिणमिणला. मग ती काळी तार बोटाने चाचपत तो पुढच्या पत्र्यापर्यंत गेला, जिथे ती एका बोल्टने कसली होती. बोल्टवर लालभडक रंग होता.

"गाडी पुढून ठोकली होती?"

"किरकोळ. पत्रा सरळ करून रंगवून घेतली."

"पेंटर भारी मिळाला तुम्हाला. बोल्टसुद्धा सोडला नाही."

खरे असे की पेंटर तो सोडणार होता. त्याने तार काढली तेव्हा खाली कोरा पत्रा दिसला, आणि मी बोट दाखवून म्हणालो, इथे गंज धरेल, इथेही रंग दे. तो म्हणाला, तिथे नको साहेब. मी त्याच्या डोक्यावर उभा राहून द्यायला लावला. करंट पत्र्यातूनच परत जातो, तारेला कोरा पत्रा लागतो, रंग नव्हे, हे मला सुचले नाही. अशोकला मी एवढेच म्हणालो, "हो, चांगला होता."

त्याने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रंग घासून नखाएवढा पत्रा उजळ केला आणि तार पुन्हा कसली. बोल्टवर बोटभर व्हॅसलिन फासले. पंखा एकदम घोंघावला. त्याने वर्तमानपत्राचे पान रेडिएटरसमोर धरून सोडले; ते जाळीला चपखल चिकटून राहिले. मी आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळले, पण दोन बोटांनी दोष शोधणारा माणूस त्या दिवशी प्रथम पाहिला. इतका वेळ तो ज्या शांतपणे बसला होता, त्याला मी आळस समजत होतो... मी म्हणालो, "बरं झालं." तो हात पुसत म्हणाला, "चहा घ्या, दाजी." मी उशीर होतो म्हणून निघालो. मला कसलाही उशीर होत नव्हता.

कल्याणला त्याचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्या दिवशी परतताना कशेळीच्या पुलावर आम्ही अडकलो. काटा मध्यावर आला आणि पंखा सुरू झाला. मी समोर पाहत म्हणालो, "तो बोल्ट पेंटरच्या मनाने रंगवला नव्हता. मी रंगवून घेतला होता."

"ठाऊक आहे मला," सुमन म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच, त्याच संध्याकाळी. म्हणाला, ताई, पेंटर आपणहून एवढं काम करत नसतो, हे दाजींचंच. पण तू बोलू नकोस हं, उगाच मनाला लावून घेतील."

पुढची गाडी हलली. मी गिअर टाकला.

आता डायलिसिसच्या दिवशी मी अर्धा तास आधी खाली उतरतो. इंजिन चालू करतो, बॉनेट उघडतो आणि पंखा सुरू होईपर्यंत काही न करता उभा राहतो. तो फिरू लागला की थोडा वेळ जाऊ देतो आणि काळ्या तारेवर बोट ठेवतो. तार गार असते. मग सुमनला हाक मारतो.