पेठच्या रायफलीची नळी

गांगुर्डेसाहेबांची आणि माझी पहिली भेट म्हणजे भांडणच होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते सैन्यातून निवृत्त होऊन नाशिक रोडला आले आणि परवाना काढून बंदूक-दुरुस्तीचे दुकान थाटले. शेजारीच माझा लोखंड कातायचा लेथ. मी कातून दिलेला बंदुकीचा एक भाग त्यांनी परत आणला.

"केसभर जाड आहे."

"केसभराने काय होतंय?" मी चिडलो.

"हे माणसाच्या हातात फुटू शकतं," ते शांतपणे म्हणाले. मी तो भाग पुन्हा कातला. आमचा स्नेह तिथून सुरू झाला.

त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना पेठच्या यशोदाबाईंची रायफल आठवते. सासऱ्यांच्या वेळची ती रायफल पतीच्या पश्चात बाईंच्या नावावर झाली होती. रानडुकरांपासून नागलीचे पीक राखायला तिचाच आधार. पण नळी आतून गंजाने खाल्लेली. परवान्याच्या तपासणीत हुकूम झाला, दुरुस्त करा नाहीतर जमा करा. साहेबांनी नवी नळी सुचवली.

"मंग आमच्या सासऱ्याचं काय ऱ्हाईल तिच्यात?" बाईंनी विचारले.

साहेबांनी नळी उजेडाकडे धरून आत पाहिले. "बाहेरची नळी तीच ठेवू. आतून पोखरून पोलादाची नवी नळी बसवू."

काम माझ्या लेथवर सुरू झाले. अर्ध्यावर लांब ड्रिल तुटले आणि आतच अडकले. "साहेब, सोडा आता. नाव जाईल," मी म्हणालो. त्यांनी मशीन बंद केले आणि दुसऱ्या सकाळी मला घेऊन एसटीने थेट पेठ गाठले.

"बाई, तुमच्या नळीत माझं ड्रिल तुटलंय. निघेल असं वाटतं, पण खात्री देत नाही. तुम्ही नको म्हणालात तर थांबतो."

बाई म्हणाल्या, "दुसऱ्यांनी तं हातबी नाय लावला. तुम्ही लावला, आता पुरं करा."

साहेबांनी तेल सोडत, मागून दांडा लावत तुकडा सैल केला. ठोकल्याने तुकडा आणखी रुतेल म्हणून हातोड्याला मला शिवू दिले नाही. मग ड्रिल सरळ जावे म्हणून जुन्या भोकात चपखल बसेल असा दांडा पुढे लावून नवे ड्रिल बनवले. थोडे पोखरायचे, कीस झाडायचा, पुन्हा पोखरायचे. शेवटी आतली नळी सरकत दुसऱ्या टोकाला आली, तेव्हा कामात चहाला हात न लावणाऱ्या साहेबांनी स्वतःहून दोन कटिंग मागवले.

रीतसर परवानगीने रायफल चौकटीत बांधून, वाळूच्या पोत्यांआडून चापाला बांधलेल्या दोरीने बार काढले. दोरी त्यांनी दुसऱ्या कुणाला ओढू दिली नाही. नळी शाबूत राहिली. तरी त्यांनी रायफल खांद्याला लावून स्वतः एक बार काढला. "मी गाल लावल्याशिवाय बाईंच्या गालाला कशी देऊ?"

रायफल तपासणीत पास झाली. बाईंनी ती पदराने पुसली आणि त्या साहेबांना वाकून नमस्कार करू लागल्या. साहेब संकोचून मागे सरले.

पुढे एकदा माझा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा माझी अडलेली कामे याच माणसाने रोज आपले दुकान बंद केल्यावर उरकून दिली आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही.

हल्ली गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी साहेबांना उभ्याने काम करायला मनाई केली आहे. साहेबांनी उंच स्टूल करून घेतले. त्या स्टुलावर त्यांनी निरोगी, ताठ कण्याने आणखी पुष्कळ वर्षे बसावे, आणि आम्हा सर्वांना "केसभर जाड आहे" असे म्हणत राहावे.