थर्ड बेसवरची

समोर बॅट घेऊन दुसऱ्या संघाची मुलगी उभी राहिली, की ती गुडघ्यावर ग्लोव्ह आपटायची आणि म्हणायची, "मार माय, इकडंच मार. मी हायच."

तुमच्यापैकी ज्यांनी लातूरला मुलींचं सॉफ्टबॉल पाहिलंय, त्यांना ती आठवत असेल. नसेल तर तुमचा दोष नाही. लोक बॉल टाकणारीला बघतात, लांब मारणारीला बघतात. थर्ड बेसच्या कोपऱ्याकडं कोण बघतं? सगळ्यात जोराचा फटका तिथंच येतो आणि विचार करायला वेळ नसतो. तरी ही आपली नेमून दिलेल्या जागेच्याही पुढं, बॅटच्या तोंडाशी जाऊन उभी.

मी पलीकडं फर्स्ट बेसवर. तिनं अडवलेला बॉल माझ्याकडं यायचा. तिचे थ्रो झेलून घरी गेले की लाटणं धरवायचं नाही. सरावाला ती औशाहून एसटीनं यायची, ग्लोव्ह भाकरीच्याच फडक्यात बांधलेला. त्याला ठेच्याचा वास यायचा.

"पुसत तरी जा गं."

"कशाला? बॉलला वासानं घर सापडतंय."

एकदा नांदेडशी अंतिम सामना होता. त्यांच्या सरांनी आपल्या मुलींना बजावलं होतं, थर्डकडं मारायचंच नाही. त्या बिचाऱ्या अंग वळवून दुसरीकडं मारायला जायच्या आणि सोपे झेल द्यायच्या. आम्ही जिंकलो. पेपरात फोटो आमच्या बॉल टाकणारीचा आला. परतीच्या बसमध्ये ही पाय चोळत म्हणाली, "करवलीसारखं नुसतं उभं राहून आले की गं मी."

पुढं जिल्ह्याच्या मैदानाशेजारी गौरवभिंत झाली. काळ्या दगडावर जुन्या खेळाडूंची नावं. शाळेत खेळ शिकवते म्हणून निवड समितीत मी आहे. दर वर्षी मी तिचं नाव मांडायची आणि चहा येईपर्यंत ते पडायचं. अध्यक्ष डाळमिलवाले. माणूस वाईट नाही, पण पोतं काट्यावर चढल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही.

"मॅडम, या बाईनं केलं काय?"

"तिच्या बाजूनं कुणाला काही करू दिलं नाही."

"ते न झालेलं झालं. झालेलं सांगा."

शेवटी एका बैठकीत मी नांदेडच्या त्या सरांनाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सर मोकळेपणानं म्हणाले, "तिच्याकडं बॉल जाऊच द्यायचा न्हाई, असं आमचं ठरलेलंच असायचं."

अध्यक्षांनी शेजाऱ्याला टाळी दिली. "घ्या! म्हंजे बाईला कामच नव्हतं!"

सगळे हसले. मीही हसले, विनोद चांगला होता. नाव पडलं.

निकाल सांगायला औशाला गेले. आजारानं ती अर्धी झाली होती. खाटेवर बसून शेंगा फोडत होती.

"कशाला भांडायलीस त्यांच्याशी? जाऊ दे की."

मी निघाले, चप्पल घालायला वाकले, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "घेतलं असतं तर नुसतं नावच राहिलं असतं, का थर्ड बेस असं बी लिहिलं असतं?"

भिंतीवर कुणाचीच जागा लिहीत नाहीत. पण मी म्हणाले, "लिहिलं असतं. पुढच्या वर्षी बघू."

"बघ बाई. पर लवकर बघ."

दिवाळीनंतर ती गेली. पुढच्या बैठकीत तिचं नाव अध्यक्षांनी स्वतःच मांडलं. मेलेल्या माणसाचं नाव आपल्याकडं कुणी पाडत नाही. एकही प्रश्न आला नाही. थर्ड बेस लिहा, असं मी सांगून बघितलं. दगड कोरणारा म्हणाला, ओळ एकच आहे.

कार्यक्रमात तिच्या लेकीनं शाल घेतली. अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "दोन शब्द बोला मॅडम. थोडक्यात, पाहुण्यांना नांदेड गाठायचंय."

थोडक्यात काय सांगणार? पुढं शाळेच्या मुली बसल्या होत्या. ती कुठं उभी राहायची, तेवढंच त्यांना सांगायचं ठरवलं. मैदान त्यांच्या पाठीमागं होतं. मी हात करून जागा दाखवली. मुलींनी माना वळवल्या.

तिथं मंडपवाल्यानं उरलेल्या खुर्च्यांची थप्पी लावून ठेवली होती.