तलावाचा उलटा फेरा

मुलांनो, आजीने जंगलात एकटीने फिरायला जाऊ नये, असं तुमच्या आईने गेल्या रविवारी फोनवर सांगितलं. मी एकटी नसते, हे तिला नीट पटवता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

गावाच्या वर पाझर तलाव आहे. त्याच्याभोवती गावाने लावलेली करंज, कडुलिंब, शिसवीची दाट झाडी आहे. वाट सपाट आहे. पूर्ण फेऱ्याला मला पाऊण तास लागतो. पलीकडच्या टोकाला वस्तीवर माझी मैत्रीण राहते. आम्ही कितीतरी वर्षं हा फेरा बरोबर घातला.

गेल्या वर्षी ग्रामसभेत विचारलं गेलं, चराईबंदी असताना नवी रोपं कोणाच्या शेळ्यांनी खाल्ली? मी हात वर करून तिचं नाव सांगितलं. खरं तेच बोलले. पण त्याच सकाळी पाऊण तास तिच्याबरोबर चालले होते आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून, मी गावाकडून निघते त्याच वेळी, ती वस्तीवरून उलट्या दिशेने फिरू लागली. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात आम्ही दोनदा समोरासमोर यायचो. मी शाळेत मुख्याध्यापिका होते, म्हणून ती झाडांना सांगायची, "सरळ उभी ऱ्हावा रं. हेडबाई आल्या तपासनीला." मी मान खाली घालून पुढे जायचे. वर्षभर असंच चाललं.

मागच्या महिन्यात पहिल्या भेटीनंतर जरा पुढे गेले आणि सांडव्याजवळच्या शेवाळावरून पाय घसरला. घोटा मुरगळला. मोबाईल घरी चार्जिंगला होता. दगडावर बसून राहिले.

बऱ्याच वेळाने ती समोरून आली, धापा टाकत.

"तुझा फेरा तर वस्तीपाशी संपतो," मी म्हटलं.

"दुसऱ्यांदा दिसला न्हाईत. म्हनून घरी वळले न्हाई, तशीच म्होरं आले."

ती माझा घोटा दाबून बघू लागली. मी म्हणाले, "सभेत बोलायच्या आधी मी तुला विचारायला हवं होतं."

"व्हय, इचारायला हवं हुतं." घोट्यावरून हात काढत म्हणाली, "शेळ्या माज्याच हुत्या, बाई." मग हात पुढे केला. "उठा आता. का हितंच सभा भरवायची?"

तिच्या खांद्याचा आधार घेत मी वस्तीवर गेले. तिने हळद गरम करून घोट्याला लावली, चहा दिला.

पाय बरा झाल्यावर मी म्हटलं, पुन्हा बरोबर चालू या. ती नको म्हणाली. "संगं चाललं की तुमी झाडांची इंग्रजी नावं सांगत बसता. उलटं चाललं की दोनदा भेट हुती."

तेव्हा आईला सांगा, काळजी करू नये. रोज सकाळी वाटेवर दोन ठिकाणी माझी वाट पाहणारं माणूस आहे. आमची मैत्री शाबूत आहे.