काच उचलायची हाक

दाजींबरोबर मी बरीच वर्षं काचा उचलल्या, पण मी त्यांना ओळखत होतो असं म्हणायची माझी हिंमत नाही. काच उभी धरली की ते पलीकडे, मी अलीकडे. घामेजलेला चेहरा आरपार दिसे, पण मनातलं काही कळत नसे. खरं तर ते फक्त आमच्यातल्या एकाचे दाजी, त्याच्या सख्ख्या बहिणीचे नवरे. तो म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

मोठी काच चौघं उचलतात आणि बोलतो एकच. 'उचल', 'चल', 'थांब', 'टेक'. बाकीच्यांनी आपलं डोकं चालवायचं नाही. हा मान मुकादमाचा, म्हणजे दाजींचा. मेहुण्याला कामावर आणलं, शिकवलं, तेही त्यांनीच. एके दिवशी मालकांनी मुकादमकी काढून त्या मेहुण्यालाच दिली.

"घरी बहिणीचा हुकूम, इथे भावाचा," आमच्यातला पैलवान म्हणाला. "दाजी, तुमची काही सुटका नाही!"

आम्ही हसलो. दाजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्याच आठवड्यात एका दुकानाची दर्शनी काच बसवायची होती. दारापाशी मेहुणा म्हणाला, "थांब." मागून दाजी म्हणाले, "चल." पैलवानाने आणि मी सवयीने पाऊल टाकलं. मेहुणा जागच्या जागी. काच चौकटीवर आदळली आणि तिचा चुरा झाला. नशीब, कोणाला लागलं नाही.

मालक धावत आले. "चल कोण म्हणालं?"

दाजी खाली बघत राहिले. मेहुण्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मीच. अंदाज चुकला."

मुकादमकी पुन्हा दाजींकडे आली. पुढच्या काचेला चिकटवलेल्या रबरी मुठी धरून आम्ही वाकलो, पण दाजींच्या तोंडून शब्द फुटेना.

"दाजी, बोला की. हात भरून आले," मेहुणा म्हणाला.

"तूच बोल," दाजी पुटपुटले.

मेहुणा हळूच म्हणाला, "उचल."

तेव्हापासून नावाला मुकादम दाजी, हाक मेहुण्याची. मालक दिसले की दाजी पाणी प्यायला म्हणून निघून जात. एकदा तर मालकांच्या दारापर्यंत जाऊन, कडीला हात लावून ते परत फिरलेले मी पाहिले. तो 'चल' मुद्दाम होता की तोंडातून निसटला, हे त्यांना कोण विचारणार? शेवटी मागच्या शेडमध्ये काचा पुसायचं काम त्यांनी मागून घेतलं.

मी निवृत्त झालो त्या दिवशी त्यांना बोलवायला गेलो. त्यानंतर आमची भेट नाही.

"दाजी, चहाला चला. सगळे जमलेत."

"तोही आहे?"

"आहे."

"मग तुम्ही घ्या. माझी एवढी काच राहिलीय."